पाचवा महिना लागला, आता सिगारेट सोडून काय उपयोग?

शरयू
नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते, पण आज राहवलं नाही म्हणून धागा काढतेय.

माझ्या धाकट्या बहिणीला पाचवा महिना लागलाय. ती कॉलेजपासून सिगारेट ओढते. मी आणि तिचा नवरा सोडून घरात कुणालाही हे माहीत नाही. नवरा स्वतःही ओढतो. दिवस राहिल्याचं कळल्यावर तिने दहावरून तीन-चारवर आणल्या, पण पूर्ण सोडायचा विषय काढला की उत्तरं ठरलेली. "जे व्हायचं ते पहिल्या तीन महिन्यांत होऊन गेलं, आता सोडून काय उपयोग?" किंवा "एकदम सोडली तर माझी चिडचिड होईल, तो ताण बाळाला जास्त वाईट." आणि हमखास येणारं, "माझ्या मैत्रिणीने नऊ महिने ओढली, तिचं पोर बघ कसं गुटगुटीत आहे."

मला तिला घाबरवायचं नाही. उपदेश करून झाला, उपयोग झाला नाही. डॉक्टरांपासूनही ती लपवते आहे, त्याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. बाळाला नेमकं काय होतं, आणि आता सोडली तर खरंच फरक पडतो का, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी कृपया लिहा.

रानवारा
पडतो. आजच सोडू दे. बाकी जाणकार लिहितीलच.

मध्यान्ह
मी तुमच्या बहिणीच्या त्या मैत्रिणीसारखीच. दोन्ही बाळंतपणांत ओढत होते, कमी केली होती पण बंद नव्हती. दोन्ही मुली आज धडधाकट आहेत, धाकटी तर पोहण्याच्या स्पर्धा गाजवते. हे सिगारेटची भलामण म्हणून लिहीत नाहीये. पण या विषयावर गरोदर बाईकडे गुन्हेगार असल्यासारखं बघणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. इथेही आता 'बाळ अपंग होईल' छापाचे प्रतिसाद येतील, ते तिला वाचायला देऊ नका एवढंच सांगते.

सूतिका
मी प्रसूतिशास्त्राची डॉक्टर आहे. मध्यान्ह यांच्या सुराशी सहमत, निष्कर्षाशी नाही. आधी बाळापर्यंत काय पोचतं ते सांगते, मग बाकीचं आपोआप समजेल.

धुरात हजारो रसायनं असतात, पण गर्भाच्या दृष्टीने दोन मुख्य: कार्बन मोनॉक्साइड आणि निकोटिन. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो. एकदा तो बसला की तेवढी जागा ऑक्सिजनसाठी बंद. आणि बाळाच्या रक्तात त्याचं प्रमाण आईच्या रक्तापेक्षाही जास्त साचतं. म्हणजे आईला काही जाणवत नसतं तेव्हा आतल्या जिवाला ऑक्सिजन कमी पडत असतो. निकोटिन रक्तवाहिन्या आकसवतं, त्यामुळे वारेकडे (बाळाला पोसणाऱ्या प्लॅसेंटाकडे) जाणारं रक्त कमी होतं. वार निकोटिनला अडवतही नाही. ते थेट बाळाच्या रक्तात आणि गर्भजलात जातं.

परिणाम असा की ओढणाऱ्या स्त्रियांची बाळं सरासरी २०० ग्रॅमच्या आसपास हलकी भरतात. दिवस पूर्ण होण्याआधी प्रसूती, वार खाली असणं किंवा वेळेआधी सुटणं, बाळ पोटातच दगावणं, या सगळ्याची शक्यता वाढते. ओठ आणि टाळू दुभंगण्याशीही संबंध आहे. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या (तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्याच्या) २०१४ च्या अहवालाने तो कार्यकारण संबंध म्हणूनच नोंदवला. टाळू-ओठ जुळतात ते पहिल्या तीन महिन्यांत, त्यामुळे शरयू, बहिणीचं म्हणणं त्या एका बाबतीत बरोबर आहे. वजनाच्या बाबतीत मात्र ते पार उलटं आहे. त्यावर सवडीने लिहिते, ओपीडी सुरू होतेय.

आणि मध्यान्ह, तुमच्या मुली ठणठणीत आहेत याचा मनापासून आनंद आहे. ओढणाऱ्या बहुतेक स्त्रियांची बाळं नीटच जन्मतात. पण ज्यांची जन्मली नाहीत त्या बायका 'माझं बघा' म्हणून कुठे लिहायला येत नाहीत.

गोटीसोडा
माझ्या कानावर असं आहे की बाळ लहान असलं तर बाळंतपण सोपं जातं. काही बायका मुद्दाम त्यासाठी ओढतात म्हणे. यात तथ्य आहे का?

रानवारा
अहो काय हे!

पाळणा
गोटीसोडा, प्रश्न विचारलात ते बरं केलंत, कारण हा समज खरोखर आहे आणि मनातल्या मनात ठेवणाऱ्या पुष्कळ आहेत. मी नवजात अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. 'लहान बाळ' म्हणजे काय ते मी रोज हातात घेते, म्हणून सांगते.

पोटात नीट न पोसलेलं बाळ हे मोठ्या बाळाची छोटी आवृत्ती नसतं. कातडीखाली चरबी नसते, मांड्यांवर आणि ढुंगणावर कातडी मोठ्या भावाचा सदरा घातल्यासारखी लोंबते. डोकं त्या मानाने मोठं दिसतं, कारण शरीराने मेंदू वाचवायला बाकीच्या अवयवांचं काढून घेतलेलं असतं. अंगात ऊब धरत नाही, म्हणून उबदार पेटीत ठेवावं लागतं. यकृतात साखरेचा साठा कमी असतो, म्हणून जन्मल्यापासून थोड्या थोड्या वेळाने टाचेला सुई टोचून साखर बघत राहावं लागतं. टाच इतकीशी असते की पुढच्या वेळी टोचायला जागा शोधावी लागते. आई काचेपलीकडे बसून ते बघत असते.

बाळंतपण सोपं जातं असंही नाही. असं बाळ कळांचा ताण कमी सोसतं, ठोके खाली जातात आणि ऐनवेळी सिझेरियनची धावपळ होते.

जास्त ओढणाऱ्या आयांची काही बाळं पहिले दोन-तीन दिवस फार किरकिरी असतात. हातपाय ताठ धरतात, दचकतात, घेतलं तरी लवकर शांत होत नाहीत. त्यांना बोलता येत नाही, पण अंगावरून कळतं.

हसरा_गणू
पाळणा ताई, वाचून पोटात खड्डा पडला. मी आलो होतो चार विनोद टाकायला, ते आता परत घेऊन जातो. धागा वाचनखूण म्हणून साठवलाय.

कोरा_कागद
गोटीसोडा यांच्या प्रश्नावरून आठवलं. 'लहान असलं तरी काय बिघडतं' या समजाला एकेकाळी आकडेवारीचाही आधार मिळाला होता, आणि तो प्रकार समजून घेण्यासारखा आहे.

जेकब येरुशाल्मी नावाच्या कॅलिफोर्नियातल्या संख्याशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये मांडलं की कमी वजनाच्या बाळांपुरतं पाहिलं, तर सिगारेट ओढणाऱ्या आयांची बाळं न ओढणाऱ्या आयांच्या बाळांपेक्षा जास्त जगतात! आकडे खोटे नव्हते. त्यावरून बरीच वर्षं काहीजण म्हणत राहिले की मग धूर बाळाला मारत नसावा.

गोम अशी आहे. वजन कमी असण्याची कारणं अनेक. न ओढणाऱ्या आईचं बाळ हलकं असेल तर त्यामागे जन्मजात व्यंग, संसर्ग असं काही गंभीर असण्याची शक्यता अधिक. ओढणाऱ्या आईच्या बाळाला हलकं व्हायला धूर हे एक कारण पुरतं, आणि ते त्या बाकीच्या कारणांइतकं जीवघेणं नाही. म्हणून फक्त हलकी बाळं वेगळी काढून तुलना केली की धूर राखणदार वाटायला लागतो. सगळी बाळं घेतलीत तर चित्र सरळ आहे: ओढणाऱ्या आयांची बाळं जास्त दगावतात. २००६ मध्ये हे कोडं कार्यकारणाच्या आकृत्या काढून नीट उलगडून दाखवलं गेलं. कुणी तुम्हाला 'आकडेच सांगतात' म्हणालं तर आधी विचारा, कुणाला वगळून मोजले?

जुनी_पाटी
उत्तम प्रतिसाद, कोरा_कागद. थोडी इतिहासाची भर घालतो.

हे सगळं फार जुनं ज्ञान नाही. १९५७ मध्ये विनिया सिम्प्सन यांनी कॅलिफोर्नियातल्याच सॅन बर्नार्डिनो परगण्यातल्या इस्पितळांच्या नोंदी तपासून प्रथम दाखवलं की ओढणाऱ्या मातांमध्ये अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाचं प्रमाण साधारण दुप्पट आहे. आणि अमेरिकेत पाकिटावर गरोदरपणाचा स्पष्ट उल्लेख करणारा इशारा आला तो थेट १९८४ च्या कायद्याने. मधल्या पिढीतल्या बायकांना कुणी सांगितलंच नव्हतं. तेव्हा आपल्या आज्या-मावश्यांचे दाखले देताना त्यांच्याकडे निवड होती असं समजू नये, आणि आज ती निवड आहे हे विसरू नये.

नवाबाबा
इथे सगळे बहिणीबद्दल बोलताहेत, मी तिच्या नवऱ्याबद्दल बोलतो. शरयू ताई, तुम्ही एका वाक्यात लिहिलंत, 'नवरा स्वतःही ओढतो'. माझ्या मते निम्मी गाठ तिथेच आहे.

आमच्याकडे मी ओढायचो, बायको नाही. मी गॅलरीत दार लावून ओढायचो आणि मला वाटायचं झालं माझं कर्तव्य. तिला उलट्यांचा त्रास होता, मी आत आलो की ती उठून दुसऱ्या खोलीत जायची. शर्टाला, केसांना, हातांना वास चिकटलेला असायचा. तिने मला कधी 'सोड' म्हटलं नाही. पण तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी तिला सरळ विचारलं, "घरात कोण ओढतं?" तिने माझ्याकडे बघितलं. त्यानंतर मी सोडली. सोपं गेलं नाही, पण सोडली.

ज्या घरात दुसरं माणूस पाकीट टेबलावर ठेवून ओढतंय तिथे बाईने एकटीने सोडायची, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. आधी जावईबापूंशी बोला.

पाळणा
नवाबाबा, +१०० !!

सूतिका
नवाबाबांनी लाखमोलाचं लिहिलंय. दुसऱ्याच्या धुरानेही बाळाचं वजन घटतं, ओढणाऱ्या आईइतकं नाही पण घटतं, आणि मृत बाळ जन्मण्याचा धोकाही वाढतो. याचा सामाजिक पुरावाही आहे. स्कॉटलंडने २००६ मध्ये बंदिस्त सार्वजनिक जागी धूम्रपानाला बंदी घातली, त्यानंतर तिथे अपुऱ्या दिवसांच्या प्रसूती कमी झाल्या. अशा बंदीच्या अनेक ठिकाणच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. मुदतपूर्व प्रसूती आणि दम्यासाठी मुलांना इस्पितळात न्यावं लागण्याचं प्रमाण, दोन्ही सुमारे १० टक्क्यांनी घटल्याचं त्यात दिसलं. एकाही गरोदर बाईला उपदेश न करता हे झालं.

शून्यमंडळ
अवांतर: मग ई-सिगारेट चालेल का? त्यात धूर नसतो.

सूतिका
जळण नाही म्हणून कार्बन मोनॉक्साइड नाही, हे खरं. पण निकोटिन असतंच, आणि वाढत्या मेंदूवर, फुप्फुसांवर निकोटिनचा परिणाम होतो हे प्राण्यांवरच्या प्रयोगांत स्पष्ट दिसलं आहे. गरोदरपणी ती निर्धोक आहे असं मी कुणालाही सांगणार नाही. तोंडात धरायच्या तंबाखूचंही तेच. स्वीडनमध्ये स्नूस नावाची धूरविरहित तंबाखू वापरतात. तिथल्या नोंदींतही मुदतपूर्व प्रसूती आणि मृत बाळांचं प्रमाण वाढलेलं आढळलं. धूर नाही म्हणजे धोका नाही, असं नाही.

अनुस्वार
मुलं 'मंद' होतात, चंचल होतात, अभ्यासात मागे पडतात असंही वाचलंय. मी शाळेत समुपदेशक आहे, पालक विचारतात. यात खरं किती?

कोरा_कागद
इथे जपून बोलायला हवं. अतिचंचलता, लक्ष न लागणं यांचं प्रमाण अशा मुलांत जास्त आढळतं, हे अनेक पाहण्यांत आलंय. पण धूरच कारण आहे का? ज्या आईला स्वतःला हा स्वभाव आहे तिला सिगारेटची सवय लागण्याची शक्यताही जास्त, आणि तो स्वभाव मुलात रक्तातून उतरतो. मग दोष कुणाचा?

कार्डिफ विद्यापीठातल्या अनिता थापर, फ्रान्सिस राईस यांच्या गटाने २००९ मध्ये यावर सुरेख युक्ती केली. कृत्रिम गर्भधारणेतून जन्मलेली मुलं घेतली. काहींच्या बाबतीत गर्भ वाढवणारी आई आणि बीज देणारी स्त्री वेगळ्या, म्हणजे आईशी रक्ताचं नातं नाही. ओढणाऱ्या आयांची बाळं दोन्ही गटांत हलकी भरली. म्हणजे वजनावरचा परिणाम धुराचाच. पण चंचलतेचा संबंध ठळक दिसला तो रक्ताचं नातं असलेल्या जोड्यांत. भावंडांची तुलना करणाऱ्या स्वीडनमधल्या अभ्यासांचा कलही तसाच आहे.

तेव्हा अनुस्वार, एखाद्या आईला 'तू ओढलीस म्हणून पोरगं असं झालं' असं कृपा करून कुणी सांगू नये. ते सिद्ध नाही आणि तिला त्याने काही मदतही होत नाही.

सूतिका
संपूर्ण सहमत. वजनासारखंच फुप्फुसांचंही पक्कं आहे. गर्भात श्वासनलिका घडत असताना निकोटिन मिळालं तर त्या अरुंद राहतात. अशा मुलांना घरघर, दमा जास्त होतो आणि फुप्फुसांची क्षमता पुढेही कमी राहते. आणखी एक, ज्याबद्दल मी प्रत्येक आईशी बोलते: झोपेत अचानक होणारा बालमृत्यू. अमेरिकेतल्या सुमारे दोन कोटी जन्मांच्या नोंदींवरचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. गरोदरपणी दिवसाला केवळ एक सिगारेट ओढली तरी हा धोका दुप्पट होतो, आणि पुढच्या प्रत्येक सिगारेटीगणिक वाढतो. मुळात असा मृत्यू दुर्मीळ आहे, म्हणून दुप्पट झाला तरी आकडा लहानच राहतो. पण 'तीन-चारवर आणल्या' याचं समाधान बहिणीने मानू नये, ते यासाठी. शिवाय कमी सिगारेट ओढणारा माणूस प्रत्येक झुरका खोल घेतो, त्यामुळे संख्या निम्मी झाली तरी आत जाणारा धूर निम्मा होत नाही.

मध्यान्ह
सगळे प्रतिसाद वाचले. हे मला माझ्या वेळी अशा भाषेत कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मला विचारलं जायचं ते असं: "तुम्ही सिगारेट वगैरे ओढत नाही ना?" सासूबाई शेजारच्या खुर्चीत बसलेल्या. त्यावर 'नाही' सोडून काय उत्तर देणार? शरयू, तुमची बहीण लपवते आहे ती खोटारडी म्हणून नव्हे. तिला डॉक्टरांशी एकटीने बोलायची संधी मिळवून द्या. तुम्ही सोबत जा आणि बाहेर थांबा.

पाळणा
अगदी बरोबर. म्हणूनच इंग्लंडमध्ये गरोदर स्त्रियांची श्वासातल्या कार्बन मोनॉक्साइडची चाचणी सरसकट करतात. श्वास रोखायचा, नळीत हळूहळू फुंकायचा आणि पडद्यावर आकडा येतो. ४ किंवा त्याहून जास्त आला तर मदतीसाठी पाठवतात. कुणी चोरी पकडत नाही. आणि सोडल्यावर दोन दिवसांत तोच आकडा न ओढणाऱ्या माणसाइतका खाली येतो. बाईच्या चेहऱ्यावर जो फरक पडतो ना तो आकडा बघून, तो बघण्यासारखा असतो.

रानवारा
ग्लासगोमध्ये तर सोडणाऱ्या गरोदर बायकांना बक्षीस दिलं होतं. ४०० पौंडांपर्यंतची खरेदी कुपनं. २०१५ मध्ये निकाल आले, कुपनवाल्या गटात २२.५ टक्के जणींनी सोडली, दुसऱ्या गटात ८.६ टक्के. तेव्हा बोलण्याच्या जोडीला शाबासकीचाही विचार व्हावा.

हसरा_गणू
रानवारा यांचा दोन ओळींहून मोठा प्रतिसाद! या धाग्याने काय काय साध्य केलं बघा.

सूतिका
आता मूळ प्रश्नावर येते, शरयू.

पाचव्या महिन्यात सोडून उपयोग आहे का? भरपूर. न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियातल्या २००९ च्या अभ्यासात, पंधराव्या आठवड्यापर्यंत सोडलेल्या स्त्रियांमध्ये मुदतपूर्व प्रसूतीचं आणि खुरट्या बाळांचं प्रमाण न ओढणाऱ्यांइतकंच आढळलं. तुमच्या बहिणीचा तो टप्पा मागे पडला. पण बाळाचं वजन खरं भरतं ते शेवटच्या तीन महिन्यांत, आणि ते महिने अजून यायचे आहेत. त्याआधी सोडली तर वजनाचं बरंचसं नुकसान टळतं. फुप्फुसांची वाढ शेवटपर्यंत चालू असते. आणि पहिला फायदा तर एक-दोन दिवसांतच: रक्तातला कार्बन मोनॉक्साइड उतरतो आणि बाळाला ऑक्सिजन पुरेसा मिळू लागतो.

ताणाचं म्हणाल, तर पहिले दोन-तीन आठवडे चिडचिड होईल, झोप बिघडेल. पण सिगारेटीने जो ताण उतरल्यासारखा वाटतो तो बराचसा आधीच्या सिगारेटीचं निकोटिन संपल्यामुळेच चढलेला असतो. सोडलेल्या माणसांची चिंता आणि उदासी काही आठवड्यांनी ओढत राहणाऱ्यांपेक्षा कमी झालेली दिसते. त्या चिडचिडीने बाळाचं नुकसान होत नाही.

गोळ्या मनाने घेऊ नयेत. सिगारेट सोडवण्यासाठी एरवी जी व्हॅरेनिक्लिन, ब्युप्रोपिऑन ही औषधं देतात ती जागतिक आरोग्य संघटना गरोदरपणी सुचवत नाही. निकोटिनच्या पट्ट्या, च्युइंगम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. गरोदरपणी शरीर निकोटिनचा निचरा भराभर करतं, त्यामुळे तलफ जास्त येते आणि पट्ट्या अपुऱ्याही पडतात. बहिणीला हे जरूर सांगा. ती कमकुवत मनाची म्हणून अवघड जातंय असं नाही, या काळात ते खरोखरच जास्त अवघड असतं. वारंवार भेटून समुपदेशन, आणि घरातल्या सगळ्यांनी एकत्र सोडणं, यावर भर द्या.

शरयू
सगळ्यांचे किती आभार मानू कळत नाही. नवाबाबा, तुमचा प्रतिसाद भाओजींना पाठवलाय. मध्यान्ह ताई, पुढच्या तपासणीला मी तिच्याबरोबर जाणार आहे आणि बाहेर थांबणार आहे. एकच विचारायचं राहिलं. समजा तिने सोडली आणि बाळंतपणानंतर पुन्हा सुरू केली तर? अंगावर पाजायचं की नाही?

पाळणा
पुन्हा सुरू होण्याचा धोका खरा आहे. पोटात बाळ असेपर्यंत सोडलेल्या कितीतरी जणी वर्षाच्या आत परत ओढायला लागतात. रात्रीची जागरणं, एकटेपणा, आणि आता बाळ बाहेर आहे ही सुटल्याची भावना. म्हणून मदत बाळंतपणापाशी थांबवू नका, खरी गरज त्यानंतरच्या महिन्यांत लागते.

सुरू झालीच तरी अंगावरचं पाजणं बंद करू नये. दुधातून थोडं निकोटिन जातं, तरी आईच्या दुधाचा फायदा मोठा आहे. ओढायचीच झाली तर पाजून झाल्यावर, म्हणजे पुढच्या पाजण्यापर्यंत प्रमाण उतरतं. घरात आणि गाडीत अजिबात नाही. हात धुऊन, वरचा कपडा बदलून मगच बाळाला घ्यावं. आणि आई किंवा बाबा, दोघांपैकी कुणीही ओढत असेल तर बाळाला आपल्या अंथरुणात घेऊन झोपू नका. त्याच खोलीत, पण त्याच्या स्वतःच्या पाळण्यात, पाठीवर. हे भाओजींनाही वाचायला द्या.